मराठी वेबसाइट: होस्टिंग बदलता येतं, पत्ता नाही

वेबसाइट काढायची ठरलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: होस्टिंग कुणाचं घेऊ? खरं तर हा त्यातल्या त्यात बिनमहत्त्वाचा प्रश्न आहे. होस्टिंग चुकीचं निघालं तर एखाद्या रविवारी सगळा बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे नेता येतो. पण डोमेन दुसऱ्याच्या नावावर गेलं, लेखांचे पत्ते पहिल्या दिवसापासून वेडेवाकडे झाले किंवा डेटाबेसमधलं (लेख साठवायच्या कोठारातलं) मराठी प्रश्नचिन्हांत बदललं, तर ते निस्तरायला महिने जातात. काही वेळा ते निस्तरतच नाही. म्हणून नंतर बदलता येणार नाही अशा गोष्टींवर आधी डोकं लावावं.

डोमेन तुमच्याच नावावर आहे ना?

डोमेन म्हणजे नाव आणि होस्टिंग म्हणजे फाइली ठेवायची जागा. दोन्ही एकाच कंपनीकडून घेता येतात, म्हणून पुष्कळांना ती एकच वस्तू वाटते. सगळ्यांत जास्त घोटाळा इथेच होतो. साइट बनवून देणारा माणूस सोयीसाठी स्वतःच्याच खात्यातून डोमेन घेतो आणि दोन वर्षांनी फोन उचलत नाही. कागदोपत्री तुमचं काहीच नसतं. काम कुणाकडूनही करून घ्या, पण रजिस्ट्रारकडचं (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडचं) खातं तुमचं, ईमेल तुमचा आणि नोंदणीतलं नावही तुमचंच हवं. त्या माणसाला हवा असेल तर तात्पुरता प्रवेश द्यावा.

खात्याला जोडलेला ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेनची मुदत संपली की त्यावरचा मेलही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची आठवण नेमकी त्याच बंद पेटीत जाऊन पडते.

मुदत संपल्यावर काय होतं, हेही समजून घ्यावं. डॉट कॉमसारख्या डोमेनना बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस ते काही आठवडे नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात. ते हुकलं की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो. या काळात नाव परत मिळतं, पण नेहमीच्या दराच्या कितीतरी पट दंड भरून. त्यानंतरचे ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि मग नाव बाजारात खुलं होतं. जरा जुन्या, लोकांची ये-जा असलेल्या नावावर टपून बसलेले लोक असतातच. 'ऑटो रिन्यू' चालू आहे म्हणून गाफील राहू नका. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या कार्ड-वसुलीचे नियम कडक झाले आहेत, आणि परदेशी रजिस्ट्रारकडे भारतीय कार्डावरची अशी वसुली बऱ्याचदा नाकारली जाते. परवडत असेल तर एकदम तीन-चार वर्षांचे पैसे भरून मोकळं व्हावं.

किमतीबद्दल एवढंच, की जाहिरातीतला आकडा पहिल्या वर्षाचा असतो. बघायचा तो नूतनीकरणाचा दर, आणि वर १८ टक्के जीएसटी. डॉट कॉम की डॉट इन, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला बरोबर लिहिता येईल, असं नाव निवडा. रोमन अक्षरांत 'व' एकजण एका अक्षराने लिहितो, दुसरा दुसऱ्या. नाव अशा कात्रीत सापडणार असेल तर दोन्ही स्पेलिंगं घेऊन एक दुसऱ्याकडे वळवावं.

देवनागरीत डॉट भारत हे डोमेन २०१४ पासून मिळतं आणि दिसायलाही छान दिसतं. मात्र आतून ते रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपातच चालतं. कुठल्यातरी ॲपमध्ये किंवा जुन्या फॉर्ममध्ये ते सांकेतिक रूप उघडं पडतं, आणि त्यावरचा ईमेल पत्ता तर अनेक ठिकाणी स्वीकारलाच जात नाही. घ्यायचं तर जोडीला घ्या आणि मुख्य साइटकडे वळवा.

जागा कुठे घ्यायची

नुसतं लेखन करायचं असेल आणि आठवड्याला एखादा लेख होणार असेल, तर गूगलचं ब्लॉगर पुरतं. होस्टिंगचा खर्च शून्य, सर्व्हर गूगल सांभाळतं आणि स्वतःचं डोमेनही जोडता येतं. ते पहिल्याच दिवशी जोडा. म्हणजे उद्या ब्लॉगर सोडलं तरी वाचकाच्या दृष्टीने पत्ता तोच राहतो. थोडं तांत्रिक अंग असेल आणि साइट फारशी बदलणारी नसेल (संस्थेची माहिती, गावाचा इतिहास वगैरे), तर तयार एचटीएमएल पानं गिटहब पेजेससारख्या सेवेवर फुकट ठेवता येतात. तिथे साइटचा आकार १ जीबीच्या आत ठेवावा लागतो. डेटाबेस नाही, त्यामुळे हॅक होण्यासारखंही फारसं काही नाही.

वर्डप्रेस (साइट चालवणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या होस्टिंगवर चालवणार असाल तर शेअर्ड होस्टिंगने (एकच सर्व्हर अनेक साइटींत वाटलेला) सुरुवात करायला हरकत नाही. 'अनलिमिटेड' या शब्दावर मात्र जाऊ नका. जागा अमर्याद म्हणतात, पण फाइलींच्या संख्येवर आणि एका वेळी चालणाऱ्या प्रक्रियांवर मर्यादा असते. ती अटींच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेली असते. वर्डप्रेस एका मोठ्या फोटोच्या वेगवेगळ्या मापांच्या सहा-सात प्रती आपोआप बनवतं, त्यामुळे हजार फोटोंत सात हजार फाइली होतात. एखादा लेख व्हायरल होऊन साइटवर ५०८ क्रमांकाची चूक दिसू लागली, तर जागा संपलेली नसते. प्रक्रियांची मर्यादा ओलांडलेली असते. त्यावर पहिला उपाय महागडा प्लॅन नव्हे, कॅशिंगचा प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे. तयार पान साठवून ठेवलं की प्रत्येक वाचकासाठी डेटाबेस उघडावा लागत नाही.

वाचक महाराष्ट्रात असतील तर सर्व्हर मुंबईत असलेला बरा. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एक फेरी जायला-यायला साधारण २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात, आणि एक पान उघडायला अशा अनेक फेऱ्या होतात. आखातात, पुण्यात आणि न्यू जर्सीत सगळीकडेच वाचक असतील तर क्लाउडफ्लेअरची (जगभरच्या सर्व्हरांवर साइटच्या फाइलींच्या प्रती ठेवणारी सेवा) फुकट योजना पुढे लावा. पण ती मूळ स्थितीत फक्त फोटो, फॉन्ट आणि तत्सम फाइली साठवते, पानाचा मजकूर नाही. 'क्लाउडफ्लेअर लावूनही साइट हळूच' ही तक्रार त्यातून येते.

मराठी अक्षरांचे तीन सापळे

इंग्रजीतल्या मार्गदर्शक लेखांत हा भाग सापडत नाही, आणि मराठी साइटी इथेच सगळ्यांत जास्त अडकतात.

पहिला सापळा लेखाच्या पत्त्याचा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह संगणकात तीन बाइट घेतं, आणि वेबपत्त्यात त्यातली प्रत्येक बाइट टक्क्याची खूण धरून तीन रोमन चिन्हांत लिहिली जाते. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला नऊ जागा. इथे काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० जागा देतं, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'गव्हाच्या पिठाचे लाडू कसे करावे' असं शीर्षक द्या. 'लाडू'पर्यंत १७३ जागा भरतात. पुढची आडवी रेघ, 'क' आणि 'स' मिळून १९२. 'से'वरच्या मात्रेला जागा उरत नाही, आणि पत्ता '-लाडू-कस' असा अर्ध्यात तुटतो. शिवाय तो व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की टक्क्यांच्या खुणांची चार ओळींची माळ दिसते. लोकांना ती लिंक संशयास्पद वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

ब्लॉगरची तऱ्हा वेगळी. देवनागरी शीर्षकातून त्याला पत्ता बनवताच येत नाही, म्हणून तो 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असा पत्ता देतो. शंभर लेखांचे शंभर निरर्थक पत्ते होतात. दोन्हीकडे उपाय एकच: लेख प्रसिद्ध करण्याआधी पर्मालिंकच्या (लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या) रकान्यात रोमन अक्षरांत दोन ते चार शब्दांचा पत्ता स्वतः लिहा. आधीच, कारण पत्ता नंतर बदलला की आधी वाटलेल्या लिंका तुटतात. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ प्रकारचं कायमचं वळण लावा. ब्लॉगरमध्ये ही सोय सेटिंग्जमधल्या 'एरर्स अँड रीडायरेक्ट्स'मध्ये आहे. पत्त्यात वर्षही घालू नये. दिवाळीच्या फराळाचं पान दरवर्षी त्याच पत्त्यावर सुधारत राहिलं तर त्याची पत वाढत जाते. दरवर्षी नवं पान काढलं की दरवर्षी शून्यापासून सुरुवात.

दुसरा सापळा जुन्या फॉन्टचा. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरंच असतात. तो साइटवर चिकटवला तर गूगलला तिथे निव्वळ बरळ दिसते, आणि वाचकाच्या फोनवर तो फॉन्ट नसल्यामुळे वाचकालाही तेच दिसतं. जुनी स्मरणिका किंवा दिवाळी अंक वेबवर आणायचा असेल तर आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत) बदलून घ्या. रूपांतर झाल्यावर रफार, 'ऱ्य' आणि ऱ्हस्व वेलांटी या तीन ठिकाणी डोळ्यात तेल घालून तपासा, कारण रूपांतर करणारी साधनं तिथेच चुकतात.

तिसरा सापळा साइट हलवताना उघडतो. डेटाबेस एका एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतीत) बाहेर काढला आणि दुसऱ्यात भरला की मराठी बिघडतं. बिघडण्याचे दोन प्रकार आहेत. अक्षरांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि चित्रविचित्र चिन्हं दिसत असतील तर घाबरू नका. मूळ बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या नजरेने वाचल्या जात आहेत. एन्कोडिंग युटीएफ-८ एमबी-४ करून पुन्हा आयात केलं की मराठी परत येतं. पण सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसली तर माहिती पुसली गेली आहे. तिथे बॅकअपशिवाय उपाय नाही. म्हणून हलवल्यावर जुनी प्रत लगेच पुसायची नाही.

दिसण्याबद्दलही दोन शब्द. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषेची खूण मराठीची हवी. वर्डप्रेसमध्ये साइटची भाषा मराठी केली की ती आपोआप लागते. सोय असलेले फॉन्ट मग मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवतात, हिंदी वळणाचे नाहीत. इंग्रजी थीमच्या (साइटच्या रूपाच्या तयार साच्याच्या) मथळ्यांत अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द फुटल्यासारखा दिसतो. ते अंतर शून्य करा. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ ते १.७ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. आणि फोनवर मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवू नका. मराठी शब्द लांब, पडदा अरुंद, त्यामुळे मधे नुसते खड्डे पडतात.

वेग

गूगलच्या मोजपट्टीनुसार पानातला सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. मराठी ब्लॉगांवर हा घटक बहुधा वरचा फोटो असतो आणि बहुधा तोच गुन्हेगार. फोनने काढलेला ४ ते ५ एमबीचा फोटो तसाच चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेल, प्रकार वेबपी, आकार १५० केबीच्या आत: एवढं केलं तरी अर्धं काम झालं. उरलेलं फॉन्टमध्ये असतं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट रोमनपेक्षा बराच जड असतो, तेव्हा एकच फॉन्ट आणि त्याच्या दोनच जाड्या घ्याव्यात.

साइट हलवायची पद्धत

आदल्या दिवशी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे जातं त्या नोंदवहीत, ए रेकॉर्डचा (सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल (ती नोंद इतरांनी किती वेळ जपून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणा. म्हणजे उद्याचा बदल जगभर लवकर पोचेल. मग फाइली आणि डेटाबेस नव्या जागी उतरवा. स्वतःच्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये (तुमचा संगणक डीएनएसच्या आधी ती बघतो) नवा आयपी पत्ता लिहून साइट तपासा. इतरांना तेव्हा जुनीच दिसत असते. मराठी नीट दिसतंय, फोटो येताहेत, लॉगिन होतंय, हे पाहून मगच ए रेकॉर्ड बदला. जुनं होस्टिंग आठवडाभर चालू राहू द्या.

यात हमखास फसण्याची जागा मेल. फक्त ए रेकॉर्ड बदलण्याऐवजी नेमसर्व्हरच (ही सगळी नोंदवही सांभाळणारे सर्व्हर) बदलले, तर मेलचे एमएक्स आणि टीएक्सटी रेकॉर्ड मागेच राहतात. साइट झकास चालू, पण मेल यायचे बंद, आणि हे कळायला दोन दिवस जातात. हात लावण्याआधी सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एचटीटीपीएसच्या (सुरक्षित जोडणीच्या) प्रमाणपत्रासाठी पैसे मोजायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं फुकट असतात आणि होस्टिंगवाला ती आपोआप बसवतो. ती फार तर तीन महिने टिकतात. स्थलांतरानंतर डीएनएस दुसरीकडे पाहत असेल तर नूतनीकरण गुपचूप अडतं आणि एके दिवशी वाचकाला लाल इशारा दिसतो. हलवल्यानंतर प्रमाणपत्राची तारीख एकदा बघून घ्यावी.

बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवला तर त्याला बॅकअप म्हणू नये. खातं बंद झालं की दोन्ही एकदम जातात. आठवड्यातून एकदा डेटाबेस आणि महिन्यातून एकदा फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर जाऊ द्या, आणि सहा महिन्यांतून एकदा त्यातून साइट खरोखर उभी राहते का ते करून बघा. फुकटात मिळणाऱ्या 'क्रॅक' केलेल्या थीम तर अजिबात नकोत. जुगाराच्या साइटींच्या लपवलेल्या लिंका आणि हॅकरसाठी उघडं ठेवलेलं मागचं दार, हे त्यांच्यासोबतच येतं.

वाचक कुठून येणार

आधी गूगलला साइट दिसते का ते बघा. वर्डप्रेसमध्ये 'रीडिंग' या सेटिंगखाली, सर्च इंजिनांना साइटपासून दूर ठेवणारा एक चौकोन असतो. साइट बनत असताना तो टिचकवतात आणि मग विसरतात. सहा महिने लिहूनही गूगलवर एकही पान नाही, तर पहिला संशय याच चौकोनावर घ्यावा. त्यानंतर सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीचं गूगलचं साधन) संपूर्ण डोमेनची मालकी डीएनएसमधल्या टीएक्सटी रेकॉर्डने सिद्ध करा आणि साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) द्या. वर्डप्रेस २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून तो स्वतःच बनवतं, त्यासाठी वेगळा प्लगइन लागत नाही.

सर्च कन्सोलमधला शोधशब्दांचा अहवाल महिन्यातून एकदा शांतपणे वाचा. ज्या शब्दांवर तुमचं पान आठव्या ते विसाव्या क्रमांकावर दिसतंय, तिथे मेहनत घाला. पहिल्या पानाच्या उंबरठ्यावर असलेला लेख सुधारणं हे नवा लेख लिहिण्यापेक्षा स्वस्त काम आहे. याच अहवालात कळतं की पुष्कळ मराठी माणसं मराठी गोष्ट रोमन अक्षरांत शोधतात: 'लाडू रेसिपी इन मराठी', 'सातबारा कसा काढायचा', सगळं रोमनमध्ये. त्यासाठी लेखात रोमन शब्दांची खोगीरभरती करू नका. रोमन पत्ता, फोटोच्या फाइलीचं रोमन नाव आणि लोक बोलतात तसंच शीर्षक एवढं पुरतं. 'मोदक: एक सांस्कृतिक चिंतन' असं कुणी शोधत नाही. 'उकडीचे मोदक फुटतात का' असं शोधतात.

सणांचे लेख सणाच्या आदल्या आठवड्यात टाकून उपयोग नाही. नव्या पानाला गूगलमध्ये स्थिरावायला आठवडे लागतात. गणपतीचा लेख आषाढात आणि दिवाळीचा भाद्रपदात तयार हवा.

मराठीत खरा प्रसार व्हॉट्सॲपवर होतो. तिथे लिंकसोबत दिसणारा फोटो आणि शीर्षक पानातल्या ओपन ग्राफ खुणांमधून घेतलं जातं. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेल आणि ३०० केबीच्या आत ठेवा. फार जड असला तर चौकट रिकामी येते. नुसती लिंक टाकू नका. लेखातली सगळ्यांत कामाची दोन वाक्यं वर लिहा. 'वाचा आणि शेअर करा' एवढ्यावर कुणी लिंक उघडत नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात आणि तुमचा नंबर ज्यांनी साठवला आहे त्यांनाच संदेश पोचतो. भारतात सप्टेंबर २०२३ पासून चॅनेल सुरू झाले. त्यात संख्येची अडचण नाही आणि एकाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ग्रुपमध्ये मात्र आधी चार दिवस माणूस म्हणून वावरा, मग लिंक टाका. मराठी ग्रुपांचे ॲडमिन याबाबतीत कडक असतात, आणि ते बरंच आहे.

'दोन हजार रुपयांत हजार बॅकलिंक' (दुसऱ्या साइटींवरून तुमच्याकडे येणाऱ्या लिंका) असली पाकिटं घेऊ नका. गूगलच्या नियमांत ती उघड फसवणूक ठरते. विकिपीडियात स्वतःच्या लिंका चिकटवण्यानेही काही साधत नाही. तिथल्या बाहेरच्या लिंकांना गूगलसाठी 'नोफॉलो'ची (ही लिंक मोजू नका, अशी) खूण असते, आणि कार्यकर्ते त्या काढून टाकतात ते वेगळंच. त्यापेक्षा स्वतःच्या जुन्या लेखांतून नव्या लेखांना जोडत चला. ते फुकट आहे आणि बहुतेकजण करत नाहीत.

आकडे वाचताना एक लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक गूगल ॲनालिटिक्समध्ये (वाचक मोजायच्या साधनात) बहुतेक वेळा 'डायरेक्ट' म्हणून दिसतो, कारण तो कुठून आला हे ब्राउझरला कळतच नाही. व्हॉट्सॲपवर टाकायच्या लिंकला यूटीएमची शेपूट (वाचक कुठून आला ते सांगणारे जादा शब्द) जोडा, म्हणजे हिशेब वेगळा दिसेल. आणि गूगल ॲनालिटिक्स बसवल्या दिवशीच डेटा रिटेन्शन २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर न्या. तपशीलवार माहिती मूळ स्थितीत दोनच महिने राहते, आणि एकदा पुसली गेलेली माहिती सेटिंग बदलून परत येत नाही.